इंदूरच्या मराठी मंडळांना खुलं पत्र: टिकिट मागायच्या आधी फॉर्म भरायला शिकवा

आदरणीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतल्या सगळ्या काका-काकू, दादा-ताईंना,

स.न.वि.वि.

मी तुमच्यातलीच आहे. लग्न होऊन इंदूरला आले त्याला आता चोवीस वर्षं होतील, तेव्हापासून तुमच्या बहुतेक मंडळांच्या सतरंजीवर बसलेय, गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं म्हटलीत, हळदीकुंकवाची वाणं पिशवीत भरलीत, जत्रेत झुणका-भाकरीच्या स्टॉलवर दोन दोन दिवस तव्यासमोर उभी राहिलेय. त्यामुळे बाहेरून कोणीतरी बोट दाखवतंय असं समजू नका, घरातलं माणूस घरात बोलतं तसं हे वाचा.

विषय निवडणुकीचा आहे. कोणाला मत द्या, कुठला पक्ष बरा, हे मला अजिबात सांगायचं नाहीये. मला बोलायचंय ते उभं कसं राहायचं याबद्दल.

दर निवडणुकीच्या आधी आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. दोन-तीन मंडळांचे पदाधिकारी एकत्र येतात, शाल-श्रीफळ घेतात आणि या नाहीतर त्या पक्षाच्या नेत्याला भेटून सांगतात की साहेब, होळकरांच्या काळापासून आम्ही इथे आहोत, आमची एवढी घरं आहेत, आमच्या समाजाला एक तरी टिकिट द्या. नेते चहा देतात, बघू म्हणतात, फोटो ग्रुपवर येतो. मग लिस्ट लागते, आपलं नाव नसतं, आणि पुढची पाच वर्षं आपण एकमेकांना सांगत राहतो की मराठी माणसाला इथे कोणी विचारत नाही. मला हे ऐकून फार वाईट वाटतं. कारण त्या भेटीत जर नेत्यानं उलट विचारलं की टिकिट नेमकं कोणाला देऊ, कुठल्या वॉर्डातून, त्या उमेदवाराची कागदपत्रं तयार आहेत का, तर आपल्यापैकी किती मंडळांकडे उत्तर आहे? मी स्वतः चार मंडळांत विचारलं, एकाही ठिकाणी नव्हतं.

आपल्याच शहरात सुमित्राताई महाजन होऊन गेल्या ना खासदार. चिपळूणला जन्मलेली मुलगी लग्न होऊन इंदूरला आली, १९८४-८५ मध्ये इथली उपमहापौर होती, आणि १९८९ पासून २०१४ पर्यंत सलग आठ वेळा याच शहरातून लोकसभेत निवडून गेली, शेवटी लोकसभेची अध्यक्ष झाली. आपण त्यांचं नाव प्रत्येक भाषणात घेतो. पण त्या उपमहापौर होत्या ही मधली पायरी आपण विसरून जातो, जणू त्या थेट दिल्लीलाच उतरल्या. सुरुवात नगर निगममधून, म्हणजे महापालिकेतून, झाली होती हे आपल्या मुलींना कोणी सांगतच नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण हे पत्र तिच्यामुळेच लिहितेय. जाऊबाईंना विचारून लिहितेय.

माझ्या मोठ्या जाऊबाई २०२२ मध्ये पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीला उभ्या राहणार होत्या. आमच्या गल्लीत त्यांना सगळे वहिनी म्हणतात. पाणी कुठल्या दिवशी किती वाजता आलं, चेंबर कधी भरलं, कोणाकडे तक्रार दिली, कोण आलं, याची त्यांनी सहा वर्षं वही ठेवलेली. एकटीनं राहणाऱ्या म्हाताऱ्यांची पेन्शनची कामं करून द्यायच्या. वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला तेव्हा गल्लीतलेच लोक म्हणाले की वहिनी, आता तुम्हीच. आपल्या राज्यात नगर निगम आणि पंचायतीत निम्म्या जागा महिलांना आहेत, आपल्या शहराचे ८५ वॉर्ड म्हटले तर तिथे चाळीसच्या वर बायका बसणारच आहेत, मग आपल्या का नकोत असं आम्हालाही वाटलं.

फॉर्म भरायला ११ ते १८ जून एवढेच दिवस होते. आठ दिवस. त्यातले पहिले चार दिवस घरात हो-नाही करण्यात गेले, दीर म्हणायचे खर्च कोण करणार, सासूबाई म्हणायच्या लोक काय म्हणतील, पुढचे तीन दिवस एका पक्षाकडून निरोप येईल म्हणून वाट बघण्यात गेले. निरोप आला नाही, तेव्हा शुक्रवारी रात्री साडेनऊला ठरलं की अपक्ष उभं राहायचं.

ती रात्र मी कधी विसरणार नाही. डायनिंग टेबलवर शपथपत्राचा नमुना पसरलेला, बाजूला कपाटातला स्टीलचा डबा, त्यात एफडीच्या पावत्या, एलआयसीचे कागद, घराची रजिस्ट्री. शपथपत्रात सगळं लिहावं लागतं, स्वतःच्या नावावर काय आहे, नवऱ्याच्या नावावर काय आहे, अवलंबून असणाऱ्यांच्या नावावर काय आहे, सोनं किती ग्रॅम, कर्ज किती, कुठे केस आहे का, शिक्षण किती. जाऊबाई तेव्हा ४९ वर्षांच्या. त्या रात्री त्यांना पहिल्यांदा कळलं की ज्या घरात त्या सत्तावीस वर्षं राहतायत त्या घराच्या कागदावर त्यांचं नावच नाहीये, आणि दीरांनी गाडीसाठी काढलेल्या कर्जाला मात्र त्या जामीन आहेत. त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "पुढचा रकाना वाच." मला वाटतं निवडणुकीला उभं राहावं न राहावं, हे शपथपत्र प्रत्येक बाईनं घरी बसून एकदा भरून बघावं, आपल्या संसारात आपण कुठे उभ्या आहोत ते दोन तासांत दिसतं.

शनिवारी सकाळी नोटरी, मग फोटो, मग थकबाकी नसल्याचा दाखला, मग डिपॉझिट. तेव्हा नगर निगमच्या पार्षदाला डिपॉझिट ५,००० होतं, महिलेला निम्मं, म्हणजे २,५००. प्रस्तावक, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून फॉर्मवर सही करणारा मतदार, म्हणून आम्ही समोरच्या काकूंना विचारलं. आमच्या दारापासून त्यांचं दार चाळीस पावलांवर असेल. काकूंना इतका आनंद झाला की त्या नारायणपेठ नेसून आल्या, सही करायच्या आधी पेन कपाळाला लावलं. त्यांचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आम्ही त्यांच्या घरातल्या मतदार चिठ्ठीवरून उतरवला. दोन वाजून पस्तीस मिनिटांनी आम्ही फॉर्म दिला, तीनला वेळ संपत होती. पावती मिळाली. बाहेर येऊन आम्ही दोघींनी उसाचा रस प्यायला.

सोमवारी छाननी. समोरच्या अधिकाऱ्यांनी यादी उघडली, बोट एकेका ओळीवरून खाली नेलं, पान उलटलं, परत वर आले. मग दुसरी यादी मागवली. अगदी शांतपणे सांगितलं की प्रस्तावक या वॉर्डाच्या मतदार नाहीत, त्यांचं नाव बाजूच्या वॉर्डात आहे. वॉर्डाची हद्द आमच्या गल्लीच्या मधोमध जाते, आम्ही एकीकडे, काकू दुसरीकडे. आणि जी चिठ्ठी बघून आम्ही नंबर लिहिला होता ती विधानसभेच्या यादीची होती. पाच मिनिटांत फॉर्म बाद. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, नियम तसाच आहे. चूक आमची होती, आम्हाला माहितीच नव्हतं.

घरी आल्यावर काकूच जास्त रडल्या. जाऊबाईंनी फॉर्मची कॉपी घडी घालून त्या पाण्याच्या वहीत ठेवली आणि कुकर लावला.

आता मला सांगा, चाळीस पावलांनी एका बाईची सहा वर्षांची मेहनत वाया गेली, हे थांबवायला काय लागलं असतं? एक माणूस. ज्याला हे माहिती आहे असा एक माणूस, जो महिनाभर आधी म्हणाला असता की आधी वॉर्डाची यादी आणा. आपल्या मंडळांत निवृत्त तहसीलदार आहेत, वकील आहेत, वर्षानुवर्षं निवडणूक ड्युटी केलेले मास्तर आहेत, बँकेतले आहेत, सीए आहेत. गणपतीच्या मांडवाची परवानगी काढायची असली की हेच लोक दोन दिवसांत सगळे कागद उभे करतात. मग उमेदवारीसाठी त्यांना कोणी कधी का बोलावलं नाही?

म्हणून जे मी गेल्या तीन-चार वर्षांत विचारून, वाचून, धक्के खाऊन शिकले ते इथे लिहितेय, तुमच्या ग्रुपवर टाकायचं तर टाका.

सगळ्यात आधी यादी. आपल्याकडे याद्या दोन असतात हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं असं माझं मत झालंय. लोकसभा आणि विधानसभेची यादी भारत निर्वाचन आयोगाची, आणि नगर निगम, पंचायतीची यादी राज्य निर्वाचन आयोगाची, वॉर्डाप्रमाणे. एका यादीत नाव आहे म्हणजे दुसऱ्यात बरोबर जागी आहे असं धरून चालू नका. पहिल्या यादीसाठी नवीन नाव घालायचं तर फॉर्म ६, पत्ता बदलला किंवा दुरुस्ती असेल तर फॉर्म ८, आणि आता १ जानेवारीची वाट बघावी लागत नाही, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर धरून वर्षातून चार वेळा अठरा पूर्ण झालेल्यांचं नाव लागतं. २०२५ च्या नोव्हेंबरपासून आपल्या राज्यातही यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं, बीएलओ, म्हणजे बूथचे अधिकारी, घरी फॉर्म घेऊन आले, त्यात आपलं नाव टिकलं की नाही हे प्रत्येकानं स्वतः उघडून बघायला हवं. वॉर्डाच्या यादीचं प्रारूप निघतं तेव्हा दावे-हरकतींची मुदत असते, ती मुदत गेली की नंतर कितीही हात जोडले तरी उपयोग नाही. पार्षदाचा उमेदवार शहरातल्या कुठल्याही वॉर्डाचा मतदार असला तरी चालतो, पण प्रस्तावक त्याच वॉर्डाचा पाहिजे. हे वाक्य मी आमच्या फ्रिजवर चिकटवलंय.

वय पार्षदाला २१, विधानसभा आणि लोकसभेला २५, राज्यसभेला ३०. म्हणजे कॉलेजमधून बाहेर पडलेली मुलगीसुद्धा पार्षद होऊ शकते, पण आपण तिला गणपतीत फक्त रांगोळीला बोलावतो. विधानसभेसाठी राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं तरी पुरतं, लोकसभेसाठी देशात कुठेही. सरकारी नोकरीत असाल तर आधी नोकरी सोडावी लागते. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर सुटल्यानंतरही सहा वर्षं उभं राहता येत नाही. घरात कोणाचा निगमचा ठेका असेल, उमेदवाराच्या स्वतःच्या नावावर काही काम चालू असेल, तर वकिलाला आधीच दाखवून घ्या, तो प्रश्न छाननीच्या टेबलावर निघायला नको.

डिपॉझिट विधानसभेला १०,००० आणि लोकसभेला २५,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मं. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशपेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत आणि निवडूनही आला नाहीत तर ते जप्त होतं. लोक या 'डिपॉझिट गेलं' शब्दालाच घाबरतात. मी तर म्हणते जाऊ दे गेलं तर. लग्नात आहेराच्या साड्यांवर आपण त्याहून जास्त घालवतो.

खर्चाची भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. २०२२ मध्ये दहा लाखांच्या वर वस्ती असलेल्या शहरात, म्हणजे आपल्याकडे, पार्षदाच्या खर्चाची मर्यादा ८ लाख ७५ हजार होती आणि महापौराची ३५ लाख. विधानसभेला आपल्यासारख्या मोठ्या राज्यात ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. पण ही कमाल मर्यादा आहे, एवढा खर्च केलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. जाऊबाईंचा हिशोब आम्ही मांडला होता, पत्रकं, एक ऑटो, एक लाउडस्पीकर, बूथवरच्या पोरांचं जेवण, तो दीड लाखाच्या आत बसत होता. विधानसभा-लोकसभेला निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळं बँक खातं काढावं लागतं, फॉर्म भरायच्या आदल्या दिवसापर्यंत तरी, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो. नाही दिला तर तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतात, हरलेल्या माणसालाही. कितीतरी अपक्ष हरले की कंटाळून हिशोबच देत नाहीत, आणि पुढच्या वेळी त्यांचं नाव अपात्रांच्या यादीत निघतं. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजेच. वर्गणीची पावती पुस्तकं, मांडवाचा खर्च, व्हाउचर, हे सगळं आपल्या मंडळांच्या खजिनदार काकूंना पाठ आहे हो, त्यांच्याइतका चोख हिशोब मी ऑफिसातही बघितला नाहीये, तर निवडणुकीच्या हिशोबासाठी बाहेरचा माणूस शोधायची गरजच काय?

शपथपत्राबद्दल अजून थोडं. विधानसभा-लोकसभेला फॉर्म २६ असतो. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. लागू नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहायचं, कोरा रकाना म्हणजे माहिती दडवली असं धरलं जातं, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये हे स्पष्ट केलंय. गेल्या पाच वर्षांची रिटर्नमधली मिळकत लिहावी लागते, म्हणजे ज्या बाईनं पॅन कार्ड काढून लॉकरमध्ये ठेवलंय तिनं आताच ते बाहेर काढावं. जो फॉर्म पाच दिवसांत भरायचा त्याच्यामागे पाच वर्षांचे कागद असतात.

विधानसभा-लोकसभेला फॉर्म एका उमेदवाराला चार सेटपर्यंत भरता येतो, आणि हे केलंच पाहिजे असं मी आता सगळ्यांना सांगते, वेगवेगळे प्रस्तावक घेऊन. एका सेटमध्ये चूक निघाली तर दुसरा वाचवतो. आम्ही एकच भरला होता. वेळ दुपारी ३ पर्यंतच असते, आणि शेवटच्या दिवसावर ठेवू नका, पहिल्या-दुसऱ्या दिवशी भरला तर काय कमी आहे ते कळतं आणि ते आणून द्यायला वेळ मिळतो. विधानसभा-लोकसभेला फॉर्म दिल्यावर अधिकाऱ्यासमोर शपथ घ्यावी लागते, छाननीच्या तारखेच्या आधी, ती राहिली तरी फॉर्म बाद होतो.

प्रस्तावकांचं महत्त्व काय असतं ते आपल्या शहरानं २०२४ च्या लोकसभेत बघितलंच. विधानसभा-लोकसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक प्रस्तावक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, त्याच मतदारसंघाचे. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला. पक्षानं पर्यायी उमेदवाराचा फॉर्म भरला होता, पण मुख्य उमेदवाराचा मंजूर झाल्यावर पर्यायी उमेदवाराचा छाननीतच बाद झालेला, आणि अपक्ष म्हणून उरायला लागणारे दहा प्रस्तावक त्यावर नव्हते. मोठ्या पक्षाच्या कचेरीत, वकील असताना हे झालं. त्या निवडणुकीत इंदूरमध्ये नोटाला २ लाख १८ हजार ६७४ मतं पडली. मी त्यावर बरीच रात्र जागून विचार केला. त्या दोन लाखांच्या वर लोकांनी उन्हात रांगेत उभं राहून सांगितलं की आम्हाला निवडायला कोणीतरी द्या. अपक्ष म्हणून उभे असलेले होते, नाही असं नाही, पण वर्षानुवर्षं काम करून लोकांच्या ओळखीचा झालेला, कागद पक्के असलेला माणूस त्यात असता तर? दहा सह्यांनी एवढा फरक पडू शकतो.

आता पक्षाच्या टिकिटाचं. मी पक्षांच्या विरोधात नाही. पक्षात जायचं असेल तर जरूर जा, पण आधी सदस्य व्हा, बूथवर बसा, यादीचं पान वाटून घ्या, वॉर्डातल्या माणसांना नावानं ओळखा. पक्ष बायोडाटा घेतो, चौकशी करतो, आणि शेवटी ज्याच्या हातात फॉर्म बी, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, येतो तोच त्या पक्षाचा उमेदवार, आणि विधानसभा-लोकसभेला तो फॉर्म बीसुद्धा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तीनच्या आत अधिकाऱ्याकडे पोचायला लागतो. टिकिट शेवटच्या रात्रीपर्यंत हलत असतं. म्हणून टिकिटाची आशा असेल तरी अपक्षाची तयारी बाजूला ठेवा, दहा प्रस्तावक शोधून ठेवा, म्हणजे नाही मिळालं तर तुमचा निर्णय तुमच्या हातात राहील. जाऊबाईंचे तीन दिवस निरोपाची वाट बघण्यात गेले ते मला अजून खुपतं.

आणि एक गोष्ट मला तुम्हाला थोडी कडक शब्दांत सांगायचीये, राग मानू नका. 'समाजाला टिकिट द्या' हे म्हणणं आता सोडा. एक तर पुढे प्रचारात हीच भाषा वापरली तर ते कायद्याला धरून नाही होत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (३) प्रमाणे धर्म, जात, समाज, भाषा यांच्या नावानं मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, निवडणूक रद्द होऊ शकते, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठानं बहुमतानं सांगितलं की यात फक्त उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म-भाषासुद्धा येते. म्हणजे 'मी मराठी, तुम्ही मराठी, मला मत द्या' हे स्टेजवरून बोलता येत नाही. मंदिर किंवा पूजेची जागा प्रचाराला वापरता येत नाही, त्यामुळे गणपतीच्या मांडवात कोणाचा प्रचार करूच नका. पण मुळात ते मनालाही पटत नाही. जाऊबाईंनी ज्या म्हाताऱ्यांची पेन्शन करून दिली त्यातले मराठी किती होते? एक. बाकी सिंधी आजी, मालवी बोलणारे मिस्त्री, एक निमाडचं कुटुंब. उद्या त्या निवडून आल्या तर या सगळ्यांच्या येतील. आपल्या घरचे संस्कार, आपली भाषा, आपली नाटकं, ते आपण हॉलमध्ये जपूच, पण वॉर्डात माणूस उभा राहील तर कामावर उभा राहू द्या.

तर माझी मागणी एवढीच. या नगर निगमची मुदत २०२७ मध्ये संपते, विधानसभा २०२८ मध्ये आहे. वेळ कमी आहे पण आहे. प्रत्येक मंडळानं महिन्यातून एक रविवार सकाळचे दोन तास हॉल द्यावा. व्याख्यान नको, पाहुणे नकोत, हार नकोत. टेबल लावायचं, वॉर्डाची यादी, शपथपत्राचे कोरे नमुने, पेन. ज्याला उभं राहायचंय त्यानं, आणि ज्याला नाही त्यानंही, आपलं नाव कुठल्या वॉर्डात कुठल्या नंबरवर आहे ते शोधायचं, शपथपत्र भरायचं, आपल्यातल्या निवृत्त लोकांनी ते छाननी करतात तसं तपासायचं. कुठलाही पक्ष असो, येऊ दे. शेजारची अमराठी बाई आली तर तिलाही खुर्ची द्या. वॉर्डांचं आरक्षण चिठ्ठ्या टाकून निघतं, कुठला वॉर्ड कोणाला सुटेल ते आधी कळत नाही, म्हणून एकाच नावावर न थांबता प्रत्येक भागातून दोन-तीन बायका, दोन-तीन मुलं, वेगवेगळ्या प्रवर्गातली, तयार असली पाहिजेत. आणि हो, ज्यांच्या घरच्यांचा विरोध आहे त्यांच्या घरी मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी एकदा जाऊन बसावं, कारण माझ्या सासूबाईंचं मन शेवटी मंडळातल्याच एका आजींनी वळवलं होतं, आमच्या बोलण्यानं नाही.

महिलांच्या शाखांना वेगळं सांगते. २०२३ मध्ये लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा महिलांना देणारी घटनादुरुस्ती झाली, ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लागू व्हायची आहे. जागा येतील तेव्हा येतील. त्या आल्यावर नवऱ्यांनी आपापल्या बायकांची नावं पुढे करायची आणि सहीपुरती बाई, खुर्चीत तिचे यजमान, असं आपल्या घरांतून तरी होऊ नये. ते टाळायचं तर बायकांनी आत्ताच कागद हातात घ्यायला पाहिजेत.

जाऊबाईंची तयारी सुरू झालीये. गेल्या महिन्यात त्या दीरांना घेऊन रजिस्ट्रीचं विचारायला गेल्या होत्या, घराच्या कागदावर त्यांचं नाव चढवायचं काम चालू आहे. पाण्याची वही आता तिसरी आहे. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी आमच्याच वॉर्डातल्या बारा जणांची नावं लिहिलीत, वॉर्डाच्या यादीतल्या नंबरासकट, प्रत्येकाला विचारून. समोरच्या काकूंचं नाव त्यात नाही, त्या बाजूच्या वॉर्डातून दुसऱ्या एका मुलीला उभी करायच्या मागे लागल्यात, आणि तिच्या फॉर्मवर सही करायला ती नारायणपेठ परत इस्त्री करून ठेवलीये.

पहिला रविवार कुठल्या मंडळाचा हॉल मिळेल तेवढं कळवा. यादीचे प्रिंट आणि कोरे नमुने आम्ही दोघी घेऊन येऊ, चहाचंही आम्ही बघू.

आपली,
राजेंद्र नगरातली एक सून